कुणालाच ठसका आला नाही

फोडणीत मिरची जळली की माणसं खोकतात, खिडक्या उघडतात आणि स्वयंपाक करणारीला दोन शब्द ऐकवतात. मी मात्र हातातलं काम टाकून घरात कोण कोण खोकतंय ते ऐकत उभी राहते. सगळ्यांना ठसका लागला की माझा जीव भांड्यात पडतो. नवरा म्हणतो, तुझं सगळं उफराटंच. तो जहाजावर असतो, वर्षातला बराच काळ त्याला माझं उफराटेपण बघावं लागत नाही, म्हणून मीही त्याचं बोलणं मनावर घेत नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मी दुसरीत असताना. आता रत्नागिरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, गिऱ्हाइकं मला फटकळ म्हणतात, आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी खूळ जात नाही. कसं जाईल? मिरचीच्या एका न आलेल्या ठसक्यावर आमच्या वाडीने एका बाईचं आख्खं आयुष्य नासवलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

माझं माहेर भाट्याच्या पुलापलीकडे, चढावरच्या वाडीत. आमच्या अंगणाला लागून काकीचं अंगण. काकी रक्ताची नव्हे, शेजारची. मध्ये गडगा होता तो गुडघाभर उंचीचा, चिऱ्याचे तुकडे नुसते एकावर एक रचलेले, आम्ही पोरं त्यावरून टांग टाकून जायचो. काकीचा नवरा मुंबईला गोदीत होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. मूल नव्हतं. माझी आई तेव्हा काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जायची, आणि ती येईपर्यंत माझा धाकटा भाऊ काकीच्या कडेवर असायचा. काकी त्याला कडेवर घेऊनच विहिरीवर जायची, कडेवर घेऊनच भाजी निवडायची. कान मात्र तिचे भारी तिखट. मागच्या बागेत नारळ पडला तर कुठल्या माडाचा ते ती घरात बसून सांगायची, आणि आम्ही पोरं धावत जाऊन खात्री करून यायचो.

भाऊ वर्षाचा होऊन गेला होता. अंगाने किडकिडीत, पण हसरा. त्या दिवशी रविवार, आई घरी होती. तिने त्याला नाचणीचं सत्त्व भरवलं, तोंड पुसलं आणि गडग्यापलीकडे काकीच्या हातात दिलं. काकी त्याला घेऊन फणसाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "आज कसं गोमटं दिसतंय गो माझं बाळ." एवढंच. मी तिथेच खेळत होते, हे वाक्य माझ्या कानाने ऐकलेलं आहे.

थोड्याच वेळात त्याच्या तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, मग मानेवर, मग पोटावर. पित्त उठलंय म्हणाले सगळे. पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलं भिजत घालायची आणि ते पाणी अंगाला चोळायचं, हे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. चोळलं. त्याचे ओठ सुजले, त्याने सत्त्व ओकलं, आणि तो खोकायला लागला. रडत होता पण आवाज बसल्यासारखा येत होता. वाडीतल्या बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, हे पित्त नव्हे, ही दृष्ट आहे, मीठमोहऱ्या आणा.

आईने त्याच्यावरून मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरल्या. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग तिने मूठ निखाऱ्यावर उघडली. मोहऱ्या तडतडल्या. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, पण ठसका कुणालाच आला नाही. दृष्ट लागलेली नसेल तर मिरच्या जळताना घर डोक्यावर घेतात. आणि कुणालाच ठसका आला नाही तर दृष्ट खरी, जितका ठसका कमी तितकी दृष्ट जबर, असं आमच्यात मानतात. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. खोकत होता तो एकटा माझा भाऊ, आणि त्याच्याकडे बघून एकजण म्हणाली, बघा, कशी बाहेर पडतेय. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

दृष्ट बाहेर पडत नव्हती. तो आत कोंडत चालला होता. बाबांनी कुणाची तरी रिक्षा मिळवेपर्यंत त्याचं अंग ढिलं पडलं होतं. पुलावर रिक्षा होती तेव्हा तो गेला. मी घरी होते, मला हे मागाहून कळलं. तेव्हापासून त्या पुलावरून जाताना मी श्वास धरून ठेवते. लग्नाच्या दिवशी गजरे-मुंडावळ्यांसकट गाडीत बसले होते, तेव्हासुद्धा धरला होता.

त्या संध्याकाळचं आणखी एक आठवतं. आईच्या उजव्या हाताचा तळवा लालभडक झाला होता. ती हात पोटाशी धरून बसली होती, मूठ उघडत नव्हती. आत्या म्हणाली, निखाऱ्याने भाजलं असेल, आणि तिने मूठ सोडवून खोबरेल लावलं. आई रडत नव्हती.

मग वाडीला विचारायला एकच उरलं, की त्या दिवशी पोराला कोण काय बोललं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, झालं. मूल नसलेली बाई, दिवसभर दुसऱ्याचं पोर कडेवर घेणारी, आणि वर तोंडाने गोमटं म्हणालेली. तिच्याहून सोयीचं माणूस शोधून सापडलं नसतं. कुणी तिच्याशी भांडलं नाही, कुणी तिला शिवी दिली नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. बारशाला तिच्या दारावरून बायका गप्प पुढे जायच्या. ती पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली उतरायला लागली की लेकुरवाळ्या बायका पोराच्या तोंडावर पदर टाकायच्या, आणि ती ते बघायची, बघून मान खाली घालायची. बाबांनी त्याच वर्षी गडगा माणसाच्या छातीएवढा चढवला. नंतर काकीचा नवरा वारला, तेव्हा आमच्या घरातून बाबा तेवढे स्मशानात जाऊन आले.

मला सांगितलं होतं की तिच्याशी बोलायचं नाही. मी बोलले नाही. ती गडग्यावर माझ्यासाठी करवंदं ठेवायची, पानाच्या द्रोणात. मी ती खायची आणि द्रोण तिथेच ठेवून यायची.

आईने कारखाना सोडला. पुढे एक गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडली, की आमच्या घरात काजू शिजत नाही. आमची स्वतःची झाडं होती, फाल्गुन-चैत्रात अख्खी वाडी काजूगराच्या उसळी खायची, पाहुणारावळा आला की दुसरं काही करायची नाही, आणि आई मात्र सगळी बी विकून मोकळी व्हायची. विचारलं तर म्हणायची, जड पडतात. मी काजूगर पोटभर खाल्ले ते सासरी. लोक म्हणायचे, कारखान्यात होती ना, पोराची आठवण येत असेल. मीही तेच समजत होते. माझी लेक झाली तेव्हा आईने मला दोनदा बजावलं, पोरीला काजू देऊ नकोस गो, पित्त उठतं. म्हाताऱ्या माणसांचं काही ना काही चालूच असतं, म्हणून मी हो म्हटलं आणि सोडून दिलं.

लेक मला उशिरा झाली, पस्तिशी उलटल्यावर. या चैत्रात ती नुकती धरून उभी राहायला लागली होती. दुकान चार दिवस बंद ठेवून मी तिला घेऊन माहेरी गेले. बाबा आता नाहीत, आई एकटीच असते. मोबाइलवर एक बाई सुक्या मेव्याची पूड कशी करायची ते दाखवते, ती मी करून नेली होती: बदाम, काजू, खारीक, भाजून, मिक्सरला लावून. दुपारी नाचणीच्या सत्त्वात चमचाभर पूड घातली आणि पोरीला भरवली. तिने हावरटासारखं चाटूनपुसून खाल्लं. आई मागच्या दारी भांडी घासत होती.

मी तिचं तोंड पुसलं आणि पुसलेल्या जागी लाल गांधी आल्या. आधी वाटलं, फडक्याने घासलं गेलं. मग कान लाल झाले. मग ओठ. मी आईला हाक मारली. आई ओल्या हातांनी आली, पोरीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि म्हणाली, "काजू घातलास यात?"

मी हो म्हटलं. ती परत मागच्या दारी गेली, मला वाटलं आमसुलं आणायला गेली. पोरीने सगळं सत्त्व माझ्या अंगावर ओकलं आणि ती खोकली. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. रडायला तोंड उघडलं तर आवाज बसलेला. तीसेक वर्षं तो आवाज माझ्या कानात होता. मी तो दुसऱ्या कुठल्या पोराच्या गळ्यात ओळखला नसता, असं होणंच शक्य नव्हतं. मी पोरीला उचलून अंगणात धावले.

आई न्हाणीच्या चुलीतले निखारे लोखंडी पळीत घेऊन वाटेत उभी होती. दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. म्हणाली, दृष्ट काढून होऊ दे, मग जा. मी आईला आयुष्यात कधी धक्का मारला नव्हता, तो त्या दिवशी मारला. मी बाहेर पडले तरी ती मागून पुटपुटतच होती, आणि तिने मूठ निखाऱ्यावर टाकली. असा काही ठसका उठला म्हणता! आई खोकून खोकून वाकली, मी खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, वारा धूर घेऊन खाली पाखाडीपर्यंत गेला. म्हणजे तिच्याच शास्त्राप्रमाणे दृष्ट नव्हती. पण तेव्हा हे सुचायला मी शुद्धीवर होते कुठे.

दारात माझी स्कूटर होती, येताना पोर झोळीत पोटाशी बांधून आणली होती, पण आता तिचा श्वास बघत तिला धरणार कोण? आई तर जागची हलत नव्हती. फोन करून रिक्षा बोलवायची तर ती खालून चढ चढून येईपर्यंत काय होतं ते आमच्या घराने एकदा बघितलं होतं. तेवढ्यात गडग्यावर काकीचं डोकं दिसलं. खोकला ऐकून आली होती. केस पांढरे झालेले, तोंडात दात थोडे, पण कान तसेच.

"काकी, पोरीला घेऊन मागे बसा," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

ती गडग्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "मला नको बोलवूस, बाय. वाटेत काय झालं तर पुन्हा माझंच नाव."

मी नुसती पोर तिच्या दिशेने पुढे केली. पोरीचे डोळे सुजून बारीक झाले होते. काकी पाखाडीने वळसा घालून अनवाणी आली, पोरीला छातीशी घेतलं, पदराने स्वतःच्या पोटाशी घट्ट बांधलं आणि मागे बसली. आई दारात उभी राहून बघत होती. तिने अडवलं नाही.

तो उतार मी कसा उतरले देव जाणे. पूल आला तसा माझा श्वास आपोआप धरला गेला. पाठीमागे काही हालचाल कळत नव्हती, खोकलाही ऐकू येईना, आणि मागे वळून बघायची छाती होईना. खोकला थांबणं चांगलं की वाईट, हेच मला कळत नव्हतं. तेव्हा काकी माझ्या कानाशी बोलायला लागली. "आहे गो, आहे. आहे. आहे." पोरीच्या नाकाशी गाल लावून ती प्रत्येक श्वासाला मला सांगत होती. पूल संपला, शहर लागलं, माणसं आडवी यायला लागली, तरी ती सांगायची थांबली नाही. मध्ये एकदा ती गप्प झाली. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाली, "आहे."

लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले तेव्हा पोर कापडासारखी लोंबत होती. डॉक्टरीणबाईंनी बघितलं मात्र, एक शब्द न विचारता तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, मग विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, काजूची ॲलर्जी. थोड्या वेळाने पोरीचा रंग परत आला. मग ती खणखणीत आवाजात रडली, आणि मी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. मोठ्याने रडणाऱ्या पोराइतकं सुंदर जगात काही नसतं. ज्यांना झोप लागत नाही म्हणून पोराचं रडणं नको होतं, त्यांना हे कळायचं नाही.

रात्रभर ठेवून घेतो म्हणाल्या, कारण उतरलेलं पुन्हा उसळू शकतं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? मी सवयीने नाही म्हणणार होते. पण तोंडून भाऊ निघाला. गांधी, ओठ, ओकारी, बसलेला आवाज, खोकला, सगळं सांगितलं. फक्त तो दृष्टीचा भाग सांगताना मला लाज वाटली. काकी पोरीचे पाय धरून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीने सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून हेच असावं; त्याच्या खाण्यात काहीतरी आलं असेल.

काकीने विचारलं, "म्हंजे दृष्ट नव्हती?"

"नाही हो आजी. खाण्यातलं होतं."

"पुन्हा सांगा."

डॉक्टरीणबाई जरा चकित झाल्या, पण त्यांनी पुन्हा सांगितलं. काकीने मान हलवली आणि पोरीचे पाय चोळायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. त्या करवंदांचे द्रोण डोळ्यांपुढे यायला लागले, एकामागून एक.

आणि मग तिथे, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, मला आईचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. काजू घातलास यात? गांधी बघून कुणी म्हणेल उष्णता झाली, कुणी म्हणेल किडा चावला. काजू कसा सुचेल? डॉक्टरणीलासुद्धा विचारावं लागलं होतं. आईला नाही लागलं, आणि तिने मला दोनदा बजावूनही ठेवलं होतं.

संध्याकाळी आई रिक्षाने आली. खोलीच्या दारात उभी राहिली. पोर काकीच्या मांडीवर झोपली होती. आईने ते बघितलं आणि आत आली नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिली. काकी उठली, पोर माझ्याकडे दिली आणि तिच्यासमोरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची बाटली आणि सुया बरोबर दिल्या होत्या, मांडीत कसं टोचायचं ते माझ्याकडून करवून घेतलं होतं. पोर ओटीवर डबे बडवत बसली. मी आईसमोर बसले. विचारलं, की तुला काजू कसा काय सुचला.

आई पोरीकडे बघत सांगायला लागली, अगदी सपाट आवाजात, जसं कुणी बाजारहाट सांगावा. कारखान्यातून ती काजूची कणी आणायची, फुटके तुकडे. पोर अंग धरत नव्हतं, म्हणून भाजून, कुटून चिमूटभर सत्त्वात घालून बघितलं. पहिल्या वेळी ओठ सुजले. आमसुलाने उतरलं. तिला वाटलं, उष्ण पडलं असेल, सवय होईल. त्या रविवारी तिने जरा जास्त घातलं.

मी म्हटलं, "पण ठसका कुणालाच आला नव्हता. मी तिथे होते."

"मिरच्या टाकल्याच नव्हत्या," आई म्हणाली. "पोर खोकत होतं. धुराने आणखी गुदमरेल म्हणून मुठीत ठेवल्या. मीठमोहऱ्याच टाकल्या."

मला तिचा तो लाल तळवा आठवला. पोराचा जीव घाबरा होऊ नये म्हणून तिने मिरच्या मुठीत दाबून धरल्या, आणि मागाहून त्या टाकून दिल्या तरी मूठ दिवसभर वळलेलीच राहिली. बायका म्हणाल्या ठसका नाही, दृष्ट जबर. कुणीतरी काकीचं नाव घेतलं. आईने घेतलं नव्हतं, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मी नाव घेतलं नाय, मी फक्त गप्प बसले.

मी चिडले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत, म्हटलं, तीस वर्षं, आणि तू रोज सकाळी त्या गडग्याकडे बघत तुळशीला पाणी घातलंस! आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काल मिरच्या का टाकल्यास, तेही विचारलं.

"देवा, दृष्टच असू दे, म्हणून," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या हाताने माझं पोर गेलं, हे घेऊन मी जगले असते काय? तुला कुणी वाढवलं असतं? तिला मूल नव्हतं. तिचं काय जायचं होतं, असं वाटलं मला तेव्हा."

आदल्याच दिवशी मी, वाटी हातात धरून, माझ्या हाताने माझ्या पोरीला तेच भरवलं होतं. ती वाचली म्हणून मी फटकळ राहिले. नसती वाचली तर मी कुणाच्या दारात ते नेऊन ठेवलं असतं, हे मला विचारू नका. त्या दिवशी आईला शिव्या देता देता मी मध्येच थांबले ती त्यामुळे.

पण काकीचं काय, एवढं मी तिला विचारलं. आई उठून आत गेली. रात्री ती जेवली नाही. मीही पोरीच्या छातीवर हात ठेवून पडून राहिले, अजूनही तसाच ठेवते. तिने कूस बदलली तरी मी उठून बसते.

सकाळी आईने तुळशीला पाणी घातलं आणि तांब्या हातात धरूनच ती गडग्याकडे गेली. वळसा घालून जायचं बळ नसावं. गडगा तिच्या छातीला लागत होता. पलीकडे काकी अंगण झाडत होती.

"वयनी," आईने हाक मारली.

झाडणी थांबली. आई गडग्यावरच्या चिऱ्याकडे बघत बोलली, इतक्या हळू की मी ओटीवर असून मला तुकडे तुकडेच आले. काजू मी घातला होता, मिरच्या मुठीत होत्या, असं काहीसं. बोलून झाल्यावर तांब्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

काकी जवळ आली. गडग्यावर कोपर टेकले. तिने आईकडे बघितलं, मग आमच्या मागच्या चढावरच्या घरांकडे बघितलं, जिथे बायका अंगणात होत्या, कुणी पाणी भरत होती, कुणी धुणं वाळत घालत होती.

"मोठ्याने सांग गो," काकी म्हणाली. "मला ऐकू येत नाय."

माझ्या पोरीचा श्वास ज्या कानांनी त्या पुलावर वाऱ्यात ऐकला होता, ते कान. आईला ते माहीत होतं. तिने एकदा मान वर करून चढावरच्या घरांकडे बघितलं. मग तिने पुन्हा सांगितलं. मोठ्याने.